रक्त पाखडणारा आवाज

पितळेच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू भुरभुरवायची आणि पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळू थरथरत सरकते आणि काही ठरावीक रेघांवर जाऊन बसते. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनी यांनी अशा आकृत्या १७८७ साली छापल्या. वाळूऐवजी रक्तातल्या पेशी घेतल्या तर त्याही आवाजाच्या तालावर रांगेत येतात. कारण थोडं वेगळं, पण गंमत त्याच जातीची.

गाठीतून सुटलेल्या काही कॅन्सरपेशी रक्तात वाहत असतात. ऑस्ट्रेलियातल्या टॉमस ॲशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात त्या १८६९ सालीच पाहिल्या होत्या. अडचण संख्येची. एक मिलिलिटर रक्तात साधारण पाच अब्ज लाल पेशी, चाळीस लाखांहून जास्त पांढऱ्या, आणि त्यांत कॅन्सरची पेशी एखादी. कधी तीही नसते.

आता या पेशी आवाजाने वेगळ्या काढणारी चिप बघा. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात, दोन फण्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तशा. वीज दिली की स्फटिकाचा पृष्ठभाग सेकंदाला दोनेक कोटी वेळा थरथरतो. आपला कान वीस हजारांवर थांबतो, त्यामुळे ऐकू काहीच येत नाही. दोन बाजूंनी आलेल्या लाटा मधल्या अरुंद नळीखाली भेटतात आणि तिथल्या द्रवात दाबाच्या रेघा उभ्या राहतात. दाबाचा हेलकावा जिथे कमी, त्या रेघेकडे पेशी ढकलल्या जातात.

यात मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे या रेघा प्रवाहाला जराशा तिरक्या ठेवणं. एमआयटी, पेन स्टेट आणि कार्नेगी मेलन या अमेरिकन विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती २०१४ साली पेशी वेगळ्या करायला वापरली. पेशीचा व्यास दुप्पट झाला की तिच्यावरचा जोर आठपट होतो. द्रवाचा अडथळा मात्र दुपटीनेच वाढतो. म्हणून मोठी पेशी तिरक्या रेघेला धरून बाजूला जाते, लहान पेशी रेघ ओलांडून जवळपास सरळ वाहते, आणि दोघी वेगवेगळ्या तोंडांतून बाहेर पडतात. सुपात धान्य पाखडतो तसंच हे. फक्त वाऱ्याच्या जागी आवाज. घनता आणि पेशी किती दाबली जाते हेही मोजात येतं. चरबीचे थेंब तर उलट दिशेला पळतात! स्वीडनच्या लुंड विद्यापीठात रक्तातली चरबी काढण्यासाठी नेमका हाच गुण वापरला गेला.

‘आवाज कॅन्सर ओळखतो’ असे मथळे वाचले की मी जरा थबकतो. आवाज ओळखत नाही, वेगळं करतो. प्रतिपिंडं लावलेले चुंबकीय कण वापरणाऱ्या चाचण्या पेशीवरचं एक विशिष्ट प्रथिन शोधतात. ते प्रथिन टाकून दिलेली पेशी त्यांच्या हातून निसटते. आवाजाला त्या प्रथिनाशी देणंघेणं नाही. शिवाय पेशी जिवंत राहते, त्यामुळे तिच्यावर औषध करून बघण्याची वाट मोकळी राहते.

वेग मात्र सुरुवातीला बेताचा होता. तिरक्या रेघा वापरणाऱ्या त्याच गटाच्या २०१५ च्या सुधारित यंत्राला सहा मिलिलिटरच्या नमुन्यासाठी सुमारे पाच तास लागत, तेही लाल पेशी आधीच फोडून टाकल्यावर. आणि काही पांढऱ्या पेशी कॅन्सरपेशींएवढ्याच मोठ्या असतात, त्या सोबत येतातच. मग रंगद्रव्य घालून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहत निवडायला बसायचं, पाखडलेल्या तांदळातले खडे वेचावेत तसं.