दहा वर्षांत दुप्पट: फ्लॅटचा हिशेब
'फ्लॅटची किंमत दहा वर्षांत दुप्पट होतेच, म्हणून त्याहून चांगली गुंतवणूक नाही,' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

किंमत दुप्पट झाली असे गृहीत धरले, तरी दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 7.2 टक्केच होतात. पुण्यात 50 लाखांचा फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क साधारण 7 टक्के आणि नोंदणी शुल्क 30,000 रुपये धरले, तर खरी गुंतवणूक 53 लाख 80 हजारांची ठरते आणि तो एक कोटीला विकला तरी परतावा 6.4 टक्क्यांवर येतो. सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर आणि कर्जाचे व्याज यातून अजून वजा व्हायचे आहे. भाडे येत असल्यास किंवा वाचत असल्यास तेही अर्थात जमेस धरावे.

शिवाय 'दुप्पट' हा आकडा बहुधा जाहिरातीतल्या अपेक्षित भावावरून काढलेला असतो. त्याच इमारतीतील जुन्या आणि नव्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताच्या नोंदीचा उतारा) काढून पाहिल्यास दस्तात नोंदलेली किंमत कळते. पूर्वी काही रक्कम दस्तात न दाखवता रोखीने दिली जात असे, त्यामुळे जुना आकडा कमी आणि वाढ फुगलेली दिसू शकते, हेही लक्षात घ्यावे.