लीड अँगल आणि टिल्ट अँगल: टूल पुढे झुकवायचं की बाजूला?

पाच-अक्षी मिलिंगमध्ये फिरतं कटिंग टूल हवं तसं झुकवता येतं. वक्र पृष्ठभागावर टूल जिथे टेकतं, तिथे पृष्ठभागाला एक लंब रेषा काढली आहे असं धरा. टूलचा अक्ष त्या लंबापासून फीडच्या, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या, दिशेने झुकला, तर तो लीड अँगल. फीडला आडवा, डावीकडे किंवा उजवीकडे कलला, तर टिल्ट अँगल. प्रोग्राममध्ये दोन्ही अंशांतच भरायचे, त्यामुळे कुठलाही दिला तरी चालतो असा समज सहज होतो.

बॉल नोज, म्हणजे गोल टोकाचं टूल, असेल तर हा समज फारसा नडत नाही. बॉलच्या अगदी टोकाला कटिंग स्पीड शून्य, म्हणजे तिथे टूल कापत नाही, घासतं. 10 मिमीचा बॉल सपाट भागावर उभा धरून 0.2 मिमी खोली घेतली, तर कापणारा व्यास जेमतेम 2.8 मिमी भरतो. 20 अंश झुकवला की तो 5.9 मिमीपर्यंत जाऊ शकतो. पुढे झुकवा किंवा बाजूला, टोक कापातून सुटतं. दोन पासमधला (टूलच्या लगतच्या दोन फेऱ्यांमधला) वरंबाही तेवढाच राहतो, कारण गोल कसाही फिरवला तरी गोलच.

खरी गंमत सपाट एंडमिलची, म्हणजे सपाट तळाच्या टूलची, आहे. 20 मिमीची एंडमिल 5 अंश पुढे झुकवा: पुढची कड कापते, मागची टाच उचललेली राहते. फीडच्या दिशेने पाहिलं तर ती कड चपट्या लंबवर्तुळासारखी दिसते आणि तिच्या तळाची त्रिज्या भरते 10 भागिले साइन 5, म्हणजे सुमारे 115 मिमी! एवढ्याशा टूलने 230 मिमी व्यासाच्या बॉलसारखा पास मिळतो आणि स्टेपओव्हर (दोन पासमधलं अंतर) निर्धास्त वाढवता येतो. फक्त खोलगट भाग सांभाळा. तिथे फीडला आडवी त्रिज्या 115 पेक्षा कमी असेल तर टूलच्या बाजू जॉबमध्ये (कापायच्या वस्तूत) रुततात; मग लीड वाढवावा लागतो. 10 अंशांना हीच त्रिज्या 58 मिमीच्या आसपास येते.

हीच एंडमिल बाजूला कलवली तर एकच कोपरा टेकतो आणि पृष्ठभागावर करवतीसारख्या पायऱ्या उठतात. टिल्टचं काम वेगळं: जॉबच्या शेजारच्या भिंतीपासून होल्डर (टूल पकडणारा भाग) दूर ठेवणं. त्यामुळे टूल आखूड धरता येतं आणि थरथर कमी होते.

झिगझॅग पासमध्ये अक्ष तसाच ठेवला, तर परतताना लीडचं चिन्ह उलटतं आणि एंडमिलची टाच खाली येते. म्हणून असे पास एकाच दिशेने घ्यावेत.