तोंडी सूचना आणि चित्रपट्टी: एकीच्या जागी दुसरी चालत नाही

"वही काढ. तारीख घाल. पेन्सिल कुठंय?" तिसरीच्या वर्गात बाईंचा आवाज दिवसभर चालू असतो. भिंतीवर वही-पेन्सिलच्या चित्रांचा तक्ताही असतो. मुलानं आपलं काम आपण सांभाळावं हाच दोन्हींचा हेतू, म्हणून तोंडी सूचना आणि चित्रांतून दिलेल्या सूचना सरसकट एकच धरल्या जातात. मला ते पटत नाही.

बोललेलं विरून जातं. एका दमात चार गोष्टी सांगितल्या की त्यातली एखादीच मुलाच्या डोक्यात उरते, आणि मग ते बाईंच्या तोंडाकडे बघत बसतं. चित्र मात्र जागेवर असतं. विसरलं की पुन्हा बघता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमात चित्रांच्या वेळापत्रकाला मोठं स्थान आहे, ते यामुळेच. पण भिंतीवरचा तक्ता आठवड्याभरात शोभेचा होतो. बाकावर चार चित्रांची पट्टी चिकटवा, तिला कपड्यांचा चिमटा लावा. एक काम झालं की मूल स्वतः चिमटा खाली सरकवतं. आपण कुठवर आलो, हे त्याला तिथंच दिसतं.

मग तोंडी सूचना कशाला? विचार कसा करायचा, हे शिकवायला. मायकेनबॉम आणि गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये उतावळ्या मुलांवर केलेला प्रयोग बघा. आधी मोठ्यांनी मोठ्यानं बोलत काम करून दाखवलं, मग त्यांच्या सांगण्यावरून मुलानं केलं, मग स्वतः बोलत, मग पुटपुटत आणि शेवटी मनातल्या मनात. आपले शब्द असे मुलाचे होतात. मात्र त्यासाठी हुकूम नको, प्रश्न हवा: "आता पुढं काय?" आणि विचारल्यावर थांबायला हवं. हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही.

सूचना हळूहळू काढून घेतानाही फरक पडतो. पट्टी लहान करून कंपासपेटीत ठेवता येते, नंतर काढून टाकता येते. आपली बोलायची सवय सुटायला फार वेळ लागतो. म्हणून पट्टीकडे बोट दाखवताना तोंड बंद ठेवा, नाहीतर मूल आवाजच ऐकतं आणि चित्र वाया जातं.

मूल चिडलेलं असेल, तर मला चित्रच बरं वाटतं. त्या क्षणी समजावणं कानात शिरत नाही. 'पाणी पी', 'कोपऱ्यात बस' अशी दोन चित्रं समोर धरावीत, निवड त्याला करू द्यावी. बोलणं नंतर, ते शांत झाल्यावर.