नैराश्यरोधक औषधांचा विथड्रॉवल : डॉक्टरांमधील जाण

नैराश्यरोधक औषध काही आठवडे नियमित घेतल्यावर ते थांबवले, झपाट्याने कमी केले किंवा मधले डोस चुकले, की उद्भवणाऱ्या लक्षणांना विथड्रॉवल (औषध-त्याग लक्षणे) म्हणतात. चक्कर, मळमळ, निद्रानाश, भडक स्वप्ने, घाम, चिडचिड, अकारण रडू येणे ही नेहमीची लक्षणे. डोळे फिरवताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे हे त्यांतले सर्वांत खास. हे व्यसन नव्हे, कारण औषधाची ओढ किंवा डोस वाढवत नेण्याची गरज यात नसते. शरीर औषधाला सरावलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. हा भेद न समजल्यानेच ‘सवय लागत नाही, म्हणजे सोडताना त्रास होणार नाही’ असा चुकीचा निष्कर्ष दीर्घकाळ काढला गेला.

संज्ञेविषयी मतभेद आहेत. इमिप्रमीन या पहिल्या ट्रायसायक्लिक (नैराश्यरोधकांचा जुना गट) औषधाबाबत असे त्रास १९५९ मध्येच नोंदवले गेले होते, म्हणजे ही माहिती औषधवर्गाइतकीच जुनी आहे. फ्लुओक्सेटीनला १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते ज्यात मोडते त्या एसएसआरआय गटाचा (मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे) वापर वाढला. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथे औषधकंपनीच्या अर्थसाहाय्याने तज्ज्ञांची बैठक झाली. तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ‘डिसकंटिन्यूएशन सिंड्रोम’ (औषध थांबवल्यावरचा लक्षणसमूह) हा शब्दप्रयोग रुळला. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेनेही तोच ठेवला. व्यसनाशी गल्लत टळते, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे. मात्र या सौम्य नावामुळे डॉक्टरांच्या मनातील धोक्याची जाणीव बोथट झाली, हा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो. ‘विथड्रॉवल’ म्हटल्याने व्यसन सूचित होतेच असे नाही. रक्तदाबावरील काही औषधांसाठीही तो शब्द वापरतात.

जाणिवेचे थेट मोजमाप थोडेच झाले आहे. ईशान्य इंग्लंडमधील १९९७ च्या एका लहान पाहणीत २८% मानसोपचारतज्ज्ञ आणि ७०% जनरल प्रॅक्टिशनर (फॅमिली डॉक्टर) यांना अशी लक्षणे असतात याची खात्रीशीर माहिती नव्हती. नंतरच्या मार्गदर्शनानेही उणीव पुरती भरून निघाली नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या शिफारशींत लक्षणे सहसा सौम्य असून आठवडाभरात आपोआप ओसरतात असे म्हटले होते. रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्स या तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने मे २०१९ मध्ये भूमिका बदलली आणि त्याच वर्षी ‘नाइस’नेही मजकूर सुधारला. त्रास काहींना तीव्र होऊ शकतो व दीर्घकाळ टिकू शकतो, हे त्यात मान्य केले आहे. किती जणांना लक्षणे येतात, या प्रमाणाचा वाद मिटलेला नाही. एका आढाव्यात ते निम्म्याहून अधिक आले. २०२४ च्या मोठ्या विश्लेषणात औषध सोडणाऱ्यांत सुमारे ३१%, तर प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) सोडणाऱ्यांत १७%. बहुतेक चाचण्यांत औषध थोडेच आठवडे दिलेले असते. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांना हे आकडे लावताना म्हणूनच जपून राहावे.

जाण कमी असली की हमखास होणारी चूक म्हणजे विथड्रॉवलला आजार उलटला असे समजणे. मग सोडलेले औषध कायमचे सुरू होते किंवा दुसरे जोडले जाते. फरक ओळखण्यास तीन प्रश्न पुरतात. त्रास डोस घटवल्यावर काही दिवसांतच सुरू झाला का? (आजार सहसा आठवडे-महिन्यांनी परततो.) चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके अशी मूळ आजारात नसलेली लक्षणे आहेत का? पूर्वीचा डोस दिल्यावर एक ते तीन दिवसांत आराम पडतो का? फ्लुओक्सेटीन मात्र फसवते. त्याच्या सक्रिय चयापचयजाचा (शरीरात औषधापासून बनणारा पदार्थ) अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, ४ ते १६ दिवसांचा असल्याने लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात आणि गोळीशी संबंध कुणी जोडत नाही. उलट व्हेन्लाफॅक्सीन या दुसऱ्या नैराश्यरोधकाचा अर्धायुकाल सुमारे ५ तास व त्याच्या चयापचयजाचा ११ तास. सकाळची कॅप्सूल चुकली तर संध्याकाळीच जाणवते.

डोस कसा कमी करावा, हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग. डोस आणि मेंदूतील सेरोटोनिन-वाहकावरील (सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारे प्रथिन; औषध त्यालाच चिकटते) परिणाम यांचे नाते सरळ रेषेचे नाही. सिटॅलोप्रॅम या एसएसआरआयचा डोस २० मिग्रॅ. असताना सुमारे ८०% वाहक व्यापलेले असतात, ९ मिग्रॅ. ला ७०%, ३.४ ला ५०%, १.५ ला ३०% आणि ०.८ ला २०%. म्हणजे १० मिग्रॅ.ची अर्धी गोळी घेणाऱ्याचेही निम्म्याहून अधिक वाहक व्यापलेले असतात, आणि तिथून एकदम थांबणे हीच सर्वांत मोठी उडी ठरते. म्हणून आधीच्या डोसच्या ठरावीक टक्क्यांनी घट करावी, दर पायरीला दोन ते चार आठवडे थांबावे आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्यात. एवढे कमी मिलिग्रॅम गोळी तोडून साधत नाहीत. द्रवरूप औषध व सिरिंज लागते. दीर्घप्रभावी गोळ्या कुटू नयेत, कारण साठवलेला सगळा डोस एकदम सुटतो.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पॅरॉक्सेटीन या एसएसआरआयचा अर्धायुकाल २१ तासांच्या आसपास. ४८ तासांत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि रुग्ण दर दोन दिवसांनी नव्याने विथड्रॉवलमध्ये जातो. त्रास असह्य झाल्यास मागच्या सोसवलेल्या डोसवर परतावे, स्थिर व्हावे आणि पुढची घट निम्मी करावी.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात ही औषधे घेतलेल्या मातांच्या नवजात बालकांत थरथर, चिडचिड व दूध ओढण्यात अडचण दिसू शकते. प्रसूतिकक्षाला मातेच्या औषधाची आधीच कल्पना द्यावी.