तोंड कमी उघडत असेल तर: जबड्याचे व्यायाम

"पाणीपुरी तोंडात जात नाही." आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारे बरेच जण सुरुवातच इथून करतात. मग कळतं की कडक भाकरी आमटीत भिजवूनच खावी लागते आणि शेंगाचटणी जिभेला लागली तरी आग होते. अशी जळजळ आणि हळूहळू आखडत जाणारं तोंड एकत्र दिसलं, की आम्ही आधी सुपारीचं विचारतो. मावा, गुटखा, नुसती सुपारीसुद्धा. तिच्यामुळे गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. व्यायामाने हे पट्टे विरघळत नाहीत, पण रोज ताण दिला तर तोंड आणखी आखडणं रोखता येतं, थोडं वाढवताही येतं. सुपारी चालूच राहिली तर ही सगळी मेहनत पाण्यात.

अक्कलदाढेची सूज, दाताच्या इंजेक्शननंतर धरलेला स्नायू, जबड्याच्या सांध्यातली सरकलेली चकती, तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन, यांनीही तोंड आखडतं. म्हणून आधी दंतवैद्याकडून कारण समजून घ्या.

घरी अंदाज घ्यायचा तर आपलीच मधली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. ती सहज मावायला हवीत. 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर तोंड आखडलं असं धरतात.

व्यायामाआधी सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि कानाच्या पुढे, गालावर 10 ते 15 मिनिटं शेक घ्या. रेडिएशन झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेकू नये. तिथल्या कातडीला चटका कळत नाही.

मग आरशासमोर बसा. जिभेचं टोक टाळूला लावून सावकाश तोंड उघडा. हनुवटी एका बाजूला वळत असेल तर थांबून पुन्हा सरळ उघडा. असं 10 वेळा.

आता काड्या. आइस्क्रीमच्या असतात तशा, चपट्या, नव्या आणि स्वच्छ. आरामात बसतील तेवढ्या एकावर एक रचून दातांमध्ये धरा आणि मधोमध आणखी एक काडी हळूच सरकवा. ती शिरताना गाल ताणल्यासारखा वाटला पाहिजे, डोळ्यांत पाणी येता कामा नये. अर्धा मिनिट धरा, सोडा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं करा; एकदाच तासभर केलं तर स्नायू उलट चिडतो. रात्रीपर्यंत दुखत राहिलं तर उद्या एक काडी कमी. दात हलत असतील तर काड्या वापरू नका, आम्ही बोटांनी ताण द्यायला शिकवू. काड्यांचा आकडा रोज कॅलेंडरवर लिहा. आठवड्यात एक काडी वाढली तरी खूप झालं.

ताप, जबड्याखाली सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर व्यायाम नको, थेट रुग्णालय. जांभई देताना तोंड उघडंच अडकलं तरी तेच. घरी कुणी दाबून बसवू नये. जखम झाल्यावर जबडा आणि मान ताठ होऊ लागली तर धनुर्वात असू शकतो, एक तासही थांबू नका.

आमच्याकडे येताना दातांचा एक्स-रे आणि आकडे लिहिलेलं कॅलेंडर आणा. सुपारी सुटत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा, कुणी रागावणार नाही.