राणी पाकोळी : थ्रेसच्या राजापासून राज्य फुलपाखरापर्यंत

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आणि असे मानचिन्ह ठरवणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंक्तीत बसलेल्या या फुलपाखराला मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत म्हणतात. शास्त्रात मात्र ते अडीचशे वर्षे परक्या नावाने वावरत आले आहे.

अ‍ॅमस्टरडॅमचा व्यापारी आणि कीटकसंग्राहक पीटर क्रॅमर याने १७७५ मध्ये त्याचे ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’ असे नामकरण केले. मोठ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धकथेतील नावे देण्याचा पायंडा स्वीडिश जीवशास्त्रज्ञ लिनियसने पाडला होता. त्या कथेतला पॉलिम्नेस्टर म्हणजे आश्रयाला आलेल्या राजपुत्राचा सोन्याच्या लोभापायी घात करणारा थ्रेसचा राजा. इतक्या देखण्या जिवाच्या वाट्याला नेमका हा खलपुरुष यावा, हे गमतीचेच. ‘मॉर्मन’ हा शब्द तर भाऊबंदाकडून चिकटला. ‘कॉमन मॉर्मन’ या जवळच्या फुलपाखराची मादी तीन रूपांत आढळते, म्हणून त्याला एकेकाळी बहुपत्नीत्वासाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी पंथाचे नाव मिळाले. नीलवंताच्या मादीत अशी वेगवेगळी रूपे नाहीत.

याचा आढळ मुख्यतः श्रीलंका आणि दक्षिण भारतात आहे. सह्याद्रीच्या पावसाळी रानांत ते विशेष दिसते आणि पावसाळ्यात व त्यानंतर त्याची संख्या वाढते. पंखांचा विस्तार १२० ते १५० मिलिमीटर भरतो. पंख मखमली काळे असून मागच्या पंखांवरील निळ्या पट्ट्यात काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, तर पंख मिटले की खालच्या बाजूला मुळाशी लाल डाग दिसतात.

मादी माकडलिंबू आणि लिंबूवर्गातील इतर झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुबेळक्यासारखा अवयव बाहेर काढून उग्र दर्प सोडते. लिंबूवर्गातील झाडे बागांतही लावली जात असल्यामुळे हे रानचे फुलपाखरू शहरातही येते. भरधाव, वरखाली हेलकावत उडणारा नर सहसा हाती लागत नाही. मात्र ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले क्षार शोषताना, म्हणजे चिखलपान करताना, तो जमिनीवर उतरतो आणि तेव्हाच त्याची निळाई जवळून नीट पाहता येते.