टोकियोच्या पेठा: आगी, भूकंप, युद्ध आणि रेल्वे

टोकियोला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, खरेदीला कुठे जायचं? उत्तरंही ठरलेली आहेत. घड्याळं गिन्झाला, इलेक्ट्रॉनिक्स आकिहाबाराला, सुऱ्या काप्पाबाशीला, जुनी पुस्तकं जिंबोचोला आणि स्वस्तातलं काहीही उएनोच्या आमेयोकोला. यादी बरोबर आहे, पण अमुक माल अमुक गल्लीतच का मिळतो, हे ती सांगत नाही. या शहराचा बाजार नगररचनाकारांपेक्षा आगींनी, १९२३च्या भूकंपानं, १९४५च्या बॉम्बवर्षावानं आणि रेल्वे कंपन्यांनी जास्त आखला. पेठ जळायची आणि पुन्हा उभी राहायची ती वेगळ्या मालाची किंवा वेगळ्या रीतीची.

सगळ्यात जुनी पेठ निहोनबाशीची. १६०३ साली तोकुगावा इएयासूनं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदाराची राजवट, स्थापली आणि त्याच वर्षी इथला पूल बांधला गेला. पुढे देशातले पाच हमरस्ते या पुलापासून मोजले जाऊ लागले. आजचा दगडी पूल १९११चा. १९६४च्या ऑलिंपिकच्या घाईत त्याच्या डोक्यावरून एक्सप्रेसवे नेला गेला, तो आता कुठे जमिनीखाली घालायचं काम चालू आहे. शहराचा मासळी बाजार याच पुलाच्या काठी होता. भूकंपात तो उद्ध्वस्त झाला म्हणून त्सुकिजीला गेला आणि २०१८ मध्ये तिथून तोयोसूला. त्सुकिजीला बाहेरच्या गल्ल्यांमधली किरकोळ दुकानं तेवढी राहिली, आणि पर्यटकाला हवी असतात तीही तीच.

इसे प्रांतातल्या मात्सुसाका गावचा मित्सुई ताकातोशी यानं १६७३ मध्ये एदोत ‘एचिगोया’ नावाचं कापडाचं दुकान काढलं. तेव्हाचे मोठे कापडवाले ठाणं घेऊन सामुराईंच्या वाड्यांवर जात. भाव गिऱ्हाईक बघून ठरे, पैसे वर्षातून एकदा-दोनदा मिळत, आणि उधारीचं व्याज अर्थातच भावात धरलेलं असे. मित्सुईनं हे सगळं उलटं केलं. माल दुकानात येऊन बघा, पैसे रोख द्या, भाव सगळ्यांना एकच, आणि अख्खं ठाण नको असेल तर हवं तेवढं फाडून देतो. बाकीचे व्यापारी खवळले, त्रास द्यायला लागले. त्यातच १६८२च्या आगीत दुकान गेलं, आणि दुसऱ्या वर्षी ते सुरुगाचो भागात उभं राहिलं. एचिगोयाचंच पुढे मित्सुकोशी झालं, आणि त्याचं आजचं मुख्य दुकान त्याच भागात आहे. पाऊस आला की एचिगोया गिऱ्हाइकांना आपलं चिन्ह असलेल्या छत्र्या वापरायला देई. पावसाळी दिवशी गावभर दुकानाचं नाव फिरायचं, तेही गिऱ्हाइकाच्या हातून. एकच भाव ही रीत इथे साडेतीनशे वर्षांची आहे, तेव्हा ‘थोडं कमी करा की’ म्हणून काही उपयोग नाही. आमेयोको हा त्यातला जुना अपवाद.

१९०४ मध्ये मित्सुकोशीनं आपण आता डिपार्टमेंट स्टोअर होणार, असं जाहीर केलं. १९१४च्या नव्या इमारतीत सरकता जिना आला आणि दारात ब्राँझचे दोन सिंह बसले, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सिंहांवरून घडवलेले. ते अजून आहेत, आणि भेटायची जागा म्हणून लोक अजून तेच सांगतात. गंमत म्हणजे अशा आधुनिक दुकानातही पायताण दारात काढून आत जावं लागे. भूकंपानंतर नव्यानं उभ्या राहिलेल्या दुकानांनी हा नियम सोडला, आणि पायातलं न काढता आत येता आल्यावर गर्दी वाढली. १९३० मध्ये मित्सुकोशीच्या भोजनगृहात मुलांसाठी वेगळं ताट सुरू झालं, भाताच्या छोट्या डोंगरावर झेंडा खोचलेलं. दुकानात सहकुटुंब जायचं, दिवस तिथेच घालवायचा, ही सवय अशी लागली. १९३२ मध्ये भुयारी रेल्वे दारापर्यंत आली तेव्हा स्टेशनाचा खर्च दुकानानं उचलला. स्टेशनाचं नाव आजही मित्सुकोशीमाए, म्हणजे मित्सुकोशीसमोरचं. सकाळी दार उघडतं तेव्हा जाऊन बघावं. विक्रेते ओळीनं उभे राहून वाकून स्वागत करतात, आणि मधल्या दालनात काही मजले उंच अशी देवकन्येची रंगीत लाकडी मूर्ती उभी आहे. मी तर म्हणेन, तिथे काही विकत घेतलं नाही तरी चालेल.

गिन्झाचं नशीब उजळलं तेही आगीमुळेच. १६१२ मध्ये इथे चांदीची टांकसाळ आली, पण वस्ती मुख्यतः कारागिरांची. १८७२च्या आगीत हा भाग जळाला, आणि पाश्चात्त्य पाहुण्यांना दाखवण्याजोगं काहीतरी हवंच असलेल्या, शोगुनशाही जाऊन आलेल्या मेइजी सम्राटाच्या सरकारनं थॉमस वॉटर्स या आयरिश अभियंत्याकडून तिथे विटांची पेठ बांधून घेतली. त्याच वर्षी योकोहामा बंदरापासून शिंबाशीपर्यंत देशातली पहिली रेल्वे सुरू झाली, आणि शिंबाशी म्हणजे गिन्झाचा उंबरठाच. परदेशी माल आधी इथे उतरू लागला. विटांची घरं दमट निघाली, बरीचशी सुरुवातीला रिकामी पडली. तरी घड्याळवाले, वर्तमानपत्रवाले, पाववाले टिकले. किमुरायाचा गोड पुरण भरलेला पाव १८७४चा, आणि तो आजही गिन्झातच मिळतो. विटांची पेठ भूकंपात कोसळली. चौकातला घड्याळाचा मनोरा १९३२चा, सेइको घड्याळांच्या हात्तोरी कंपनीनं उभा केलेला. तो युद्धातून वाचला, आणि वाचला म्हणून अमेरिकी सैन्यानं तिथे आपल्या सैनिकांसाठी दुकान थाटलं. जपानी माणसाला १९५२पर्यंत बाहेरूनच बघावं लागलं. आज गिन्झाच्या हमरस्त्यावर दिसणारे ब्रँड कुठल्याही मोठ्या विमानतळावर दिसतात, त्यासाठी तंगडतोड करू नये. इतोया हे १९०४चं कागद-पेनांचं दुकान मात्र चुकवू नये.

जिंबोचोची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मेइजी काळात या भागात कायद्याची महाविद्यालयं निघाली, म्हणजे पुस्तकं घेणारे आणि परीक्षा झाल्यावर ती विकणारे दोघंही इथेच. १९१३ मध्ये कान्दा या भागात लागलेल्या मोठ्या आगीत दुकानं जळाली आणि त्याच वर्षी इवानामी शिगेओ या शिक्षकानं इथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. पुढची इवानामी प्रकाशनसंस्था त्यातूनच वाढली. अप्पा बळवंत चौकात वाढलेल्या माणसाला ही पेठ लगेच समजते. एक गोष्ट लक्षात घ्या, दुकानं बहुतेक रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहेत. म्हणजे तोंड उत्तरेला येतं आणि बाहेर मांडलेल्या पुस्तकांवर ऊन पडत नाही.

आकिहाबाराकडे सगळे जातात, म्हणून त्याबद्दल जरा जास्त. युद्ध संपलं तेव्हा लोकांना बातम्या हव्या होत्या आणि रेडिओ मिळत नव्हते. कारखान्यातल्या रेडिओवर कर भारी. कान्दा भागात विजेचं शिक्षण देणारी शाळा होती. तिथले विद्यार्थी लष्कराच्या मोडीत निघालेल्या व्हॉल्व्हांतून रेडिओ जोडत आणि विकत. सुट्या भागांच्या टपऱ्या रस्त्यावर मैलभर लागल्या. १९४९ मध्ये, जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात असताना, त्याचा प्रमुख मॅकआर्थर याच्या मुख्यालयानं रस्त्यावरच्या टपऱ्या हटवायचा हुकूम काढला, तेव्हा या मंडळींनी धावाधाव करून आकिहाबारा स्टेशनाच्या उंच रुळांखालची जागा मिळवली. ‘रेडिओ सेंटर’ तिथे अजून आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं एवढी वाट, दोन्ही बाजूंना वीतभर खणांत रंगवार लावलेले रोध, तारा, स्विच, आणि मधोमध स्टुलावर बसलेला, न विचारता काही न बोलणारा म्हातारा दुकानदार. डोक्यावरून लोकल गेली की खण थरथरतात.

पुढचं सगळं या जागेवर रचत गेलं. १९५३ मध्ये टीव्हीचं प्रसारण सुरू झालं. मग टीव्ही, फ्रिज आणि धुलाई यंत्र घ्यायला अख्खा देश इथे आला. १९७६ मध्ये रेडिओ काइकान इमारतीत एनईसीनं मायक्रोकॉम्प्युटरचं केंद्र उघडलं. नव्वदीत उपनगरांतल्या हमरस्त्यांवरच्या मोठ्या दुकानांनी घरगुती उपकरणांची गिऱ्हाइकं पळवली, तेव्हा रिकाम्या मजल्यांवर संगणकवाल्यांच्या पाठोपाठ खेळ, बाहुल्या आणि अ‍ॅनिमेवाले आले, कारण ते घेणारे तरुण आधीपासून इथेच येत होते. २००५ मध्ये स्टेशनाला लागून ‘योदोबाशी कॅमेरा’ या कंपनीचं प्रचंड दुकान आलं. कॅमेरा किंवा लेन्स घ्यायची तर तिथे जा. भात शिजवायचं यंत्र घेण्याआधी मात्र खोक्यावर व्होल्टेज वाचा. जपानात वीज १०० व्होल्टची, आणि आपल्याकडे लावल्यावर पहिल्याच दिवशी धूर निघतो.

काप्पाबाशी उएनो आणि आसाकुसाच्या मधे. १९१२च्या सुमाराला इथे जुन्या भांड्या-सामानाचे व्यापारी जमले. भूकंपानंतर आणि पुन्हा युद्धानंतर शहरात खाणावळी नव्यानं उभ्या राहिल्या, आणि त्यांना कढया, पाट्या, बाक, सुऱ्या इथूनच गेल्या. हा बाजार खाणावळवाल्यांचा, पर्यटक नंतर आले, त्यामुळे बरीच दुकानं रविवारी बंद असतात. खिडकीत मांडायचे खोटे पदार्थही इथेच. गुजो हाचिमानच्या इवासाकी ताकिझो यानं १९३२ मध्ये ओसाकात मेणाच्या पदार्थांचा व्यवसाय सुरू केला, तो देशभर पसरला. इथला मेणाचा, आता प्लॅस्टिकचा, रामेनचा वाडगा खऱ्या रामेनच्या कैकपट महाग असतो हे आधीच सांगून ठेवतो. सुरी मात्र घ्यावी. दुकानदार पात्यावर नाव कोरून देतो. ती चेक-इन बॅगेतच ठेवायची.

आमेयोको म्हणजे युद्धानंतरचा काळाबाजार. उएनो स्टेशनाच्या रुळांलगत आधी रताळ्याच्या गोळ्या विकल्या गेल्या, कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचा माल आला. हाराजुकूचंही तसंच. शेजारी अमेरिकी अधिकाऱ्यांची वसाहत होती, तिच्यासाठी खेळण्यांची आणि भेटवस्तूंची दुकानं निघाली. १९६४ मध्ये वसाहतीच्या जागी ऑलिंपिकचं क्रीडाग्राम झालं, आणि पोरं परदेशी माणसं आणि त्यांचे कपडे बघायला येऊ लागली. शिबुया, शिंजुकू, इकेबुकुरो ही पेठ नव्हे, रेल्वेचं अपत्य. खाजगी रेल्वे कंपनीनं उपनगरात जमीन विकायची, तिथून गाडी आणायची आणि शेवटच्या स्टेशनावर स्वतःचं दुकान उघडायचं, हे ओसाकाच्या हांक्यूनं १९२९ मध्ये दाखवलं, टोकियोनं उचललं. शिबुयात तोक्यू या रेल्वे कंपनीनं १९३४ मध्ये दुकान काढलं. १९६८ मध्ये सेइबू ही प्रतिस्पर्धी दुकानकंपनी तोक्यूच्या अंगणात आली, आणि दोघांच्या चढाओढीतून १९७३ मध्ये पार्को आणि १९७९ मध्ये १०९ ही इमारत उभी राहिली.

आपल्या लोकांची पेठही रेल्वेनंच घातली. २०००च्या आसपास संगणकांची कामं करायला आलेल्या भारतीय अभियंत्यांना निहोनबाशी-ओतेमाचीच्या कचेऱ्यांना थेट जाणारी तोझाई लाइन सोयीची पडली, म्हणून ते निशी-कासाईला राहिले. तूरडाळ, हिंग, पोहे तिथे मिळतात. तिथल्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर २०१९ मध्ये पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

आता पैशांचं. जपानचा उपभोग कर १९८९ मध्ये ३ टक्के होता, तो वाढत २०१९ मध्ये १० झाला. खाण्याच्या वस्तूंवर ८ राहिला. पर्यटकाला करमाफी मिळते. एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची किमान ५,००० येनची खरेदी हवी. आतापर्यंत पासपोर्ट दाखवला की गल्ल्यावरच कर वजा व्हायचा, पण माफीचा माल देशातच विकण्याचे प्रकार वाढले. म्हणून १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी पूर्ण भरायचा आणि परतताना विमानतळावर तपासणी झाल्यावर तो परत मिळवायचा, अशी पद्धत येते आहे. त्या तारखेनंतर जाणाऱ्यांनी खरेदीच्या पैशांत हे १० टक्के जास्त धरावेत, आणि विमानतळावर तासभर आधी पोचावं.